उसनं विकणाऱ्यांचा आकडा

"विकलंय ना? मग आता घ्यावंच लागंल!" असं म्हणून तो उजव्या हाताची मूठ हळूहळू आवळायचा. मुठीत कुणाची तरी मान असावी असा त्या वेळी त्याचा चेहरा व्हायचा. मान कुणाची, हे दर वेळी बदले. साहेबांनी अजून तयारच न झालेला माल गिऱ्हाइकाला सोमवारी देतो म्हणून कबूल केला, की हा मूठ आवळी. कॅन्टीनवाल्याने मटणाचं जेवण जाहीर केलं आणि मटण आलंच नाही, तरी हा मूठ आवळी.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आम्ही एकवीस वर्षं शेजारी-शेजारी बसलो. मी साताऱ्याकडून पोटासाठी आलेला, तो इथल्याच किनाऱ्यावरच्या मुरब्याचा. बोटीवर न जाता बीएस्सी झालेला त्याच्या घरातला तो पहिला. हाताला रसायनांचा वास, पण बोलायला लागला की गप्पा मासळीच्या. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेल. त्याला सगळ्या जगाचं कोडं आपल्या गावच्या बंदरावर सुटलेलं असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच सुटतं. पंचाईत होते ती दहाव्या वेळी.

त्याच्या मुठीमागे एक गोष्ट होती आणि ती आम्ही शंभरदा ऐकली होती. त्याच्या लहानपणी एका व्यापाऱ्याने बोटी परतायच्या आधीच बाहेरच्या कंपनीला पापलेट विकून टाकलं होतं. माल हातात नाही, नुसता शब्द दिलेला. त्या आठवड्यात वारा फिरला. बोटी रिकाम्या आल्या. मासळी मिळाली ती एकट्या ह्याच्या बापाच्या बोटीला. तो व्यापारी चपला हातात धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि म्हातारा म्हणेल तो भाव देऊन गेला. त्या पैशांत यांच्या घरावर कौलं चढली. "त्यानं नसलेला माल विकलेला, भाऊ," तो मला सांगायचा. "असा मानूस सापडला ना, की आपन नुसतं थांबायचं."

पुढे टाळेबंदीच्या काळात सगळ्यांच्या फोनवर परदेशी शेअर घ्यायची अ‍ॅप आली, तेव्हा हाही त्यात शिरला. तिथे त्याला शॉर्ट सेलिंग सापडलं. दुसऱ्याकडून शेअर किंवा फंडाचं युनिट उसनं घ्यायचं, आजच्या भावाला विकून टाकायचं, भाव पडला की स्वस्तात घेऊन ज्याचं त्याला परत करायचं. मधला फरक आपला. भाव चढला तर मात्र महाग घेऊन परत करायचं आणि बोंबलत बसायचं. असं उसनं विकून अजून परत न केलेल्या युनिटांचा आकडा तिकडे महिन्यातून दोनदा जाहीर होतो. त्याला शॉर्ट इंटरेस्ट म्हणतात. हे वाचून तो इतका आनंदला, की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पेढे घेऊन आला. "भाऊ, अमेरिकेत पन आमचेच व्यापारी हायत!"

सुरुवातीला एका शेअरमध्ये त्याचं गणित जुळलं. उसनं विकणारे अडकले, भाव चढला, याला थोडे पैसे मिळाले. झालं. कॅन्टीनमध्ये लोक त्याच्यासाठी खुर्ची ओढायला लागले. बिहारकडची कंत्राटी पोरं "शेठ, आज क्या लेना है?" म्हणून विचारायची. साहेबसुद्धा एकदा लॅबमध्ये येऊन हळूच विचारून गेले. मीही थोडे पैसे घातले. न घालून सांगतो कुणाला!

त्याला एक मोठी बहीण होती. तिला तो बाय म्हणायचा. नवरा लवकर गेलेला, आणि ती बोईसरला रस्त्याच्या कडेला पाटी लावून मासे विकायची. समोरच बाजाराची नवी इमारत उठत होती. आत मासळीवाल्यांसाठी नळाचं पाणी, वर छप्पर आणि फरशीचे ओटे होणार होते. बायला त्यातला एक ओटा हवा होता. आयुष्यभर गटाराशेजारी बसलेल्या बाईला पाण्याचा नळ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. बापाची बोट विकली तेव्हा तिच्या वाट्याला जे आलं होतं ते तिने ओट्याच्या अनामत रकमेसाठी राखून ठेवलं होतं. ते थोडं कमी पडत होतं. इमारत पुरी व्हायला वर्ष होतं.

"एक वरीस मला दे," तो तिला म्हणाला.

हे तिचे पैसे त्याने शेअरमध्ये घातले नाहीत. तेवढी अक्कल त्याला होती. त्याने आंतरराष्ट्रीय रोख्यांचा एक फंड निवडला. निरनिराळ्या देशांच्या सरकारांना दिलेलं कर्ज, म्हणजे बुडण्याची भीती नाही. आणि त्याच फंडात उसनं विकणाऱ्यांचा आकडा भला मोठा. "सरकार पन हाय, आनि अडकलेले व्यापारी पन हायत," तो म्हणाला. मला ते पटलं होतं आणि माझे पैसेही मी त्याच फंडात हलवले, हे कबूल करतो.

मग जगभर व्याजदर चढू लागले, तसा जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव उतरू लागला. फंड धाडकन पडला नाही. ओल्या भिंतीचा गिलावा पडतो तसा थोडा थोडा पडत राहिला. उसनं विकणाऱ्यांचा आकडा मात्र वाढत होता, आणि हा प्रत्येक वाढीला खूश. "विकू दे. जेवढं विकतील तेवढं घ्यावं लागंल."

आता लॅबची एक रीत सांगतो. आमच्याकडे एकाने चाचणी केली की दुसऱ्याने ती तपासून शेजारच्या रकान्यात सही करायची. दुसरी सही असल्याशिवाय आकडा खरा नाही. याला ती सवय इतकी लागलेली, की फंडाचे आकडेही तो एका वहीत त्याच पद्धतीने उतरवी आणि 'तपासले' च्या रकान्यात माझी सही घेई. मी चहा पिता पिता सही करायचो. लॅबमधल्या अर्ध्या सह्याही मी तशाच करत होतो.

अशात आमच्याकडे पूर्वी शिकाऊ म्हणून काम केलेली एक मुलगी दाखला न्यायला आली. ती आता मुंबईत गुंतवणुकीच्या धंद्यात होती. तो रजेवर होता. मी तिला सहज विचारलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "काका, रोख्यांच्या फंडात शॉर्ट करणारे बरेचसे पैज लावत नसतात. त्यांच्याकडे स्वतःचे रोखे असतात, ते पडले तर नुकसान भरून यावं म्हणून ते फंड विकून ठेवतात. विम्यासारखं. आणि अडकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. युनिट कमी पडली की मोठ्या कंपन्या रोखे जमा करून नवी युनिट तयार करून घेतात." मी तिला मुरब्याच्या पापलेटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मासळी संपते, काका. युनिट संपत नाहीत."

त्याच संध्याकाळी मी माझे पैसे काढून घेतले. थोडं नुकसान झालं, पण सुटलो.

त्याला सांगितलं नाही.

का, ते मी स्वतःला बऱ्याच प्रकारे समजावलं आहे. त्याने ऐकलं नसतं. त्याचा आनंद कशाला घालवा. पण मंडळी, खरं तसं नाही. त्याच आठवड्यात मी केलेल्या एका चाचणीत त्याने सगळ्यांसमोर चूक काढली होती आणि साहेबांपुढे म्हणाला होता, "घाटावरच्या मानसाला पान्याचा अंदाज नाय." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. आणि आतून मला वाटत होतं, बघू तुझा अंदाज. तिकडे अमेरिकेतल्या लोकांनी तो फंड विकला होता. इकडे मी याला विकून बसलो होतो आणि याचा भाव पडायची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तो रजेवरून आला आणि त्याने वही पुढे केली. मी सही केली.

ओट्यांची अनामत भरायची तारीख जाहीर झाली तेव्हा फंड बराच खाली होता. तो माझ्याजवळ आला. मूठ वगैरे काही नाही, हात खिशात. "भाऊ, काढू का थांबू? आता काढलं तर बायचं कमी पडतंय."

"तुझे पैसे, तुझं तू बघ," मी म्हणालो.

त्या दिवशी काढले असते तर कमी पडणारी रक्कम आम्हा दहाजणांकडून हातउसनी जमली असती. तो थांबला. तारीख गेली. ओटे वाटले गेले. फंड आणखी उतरला, मग त्याने जे होतं ते काढून घेतलं.

कॅन्टीनमध्ये खुर्ची ओढणारेच आता "शेठ, दुनिया डूब गयी क्या?" म्हणून हाक मारत. कुणी त्याच्यासमोर मूठ आवळून दाखवी. तो ताटात बघत जेवे. मी हसत नसे. मीही ताटात बघत असे.

तीन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. मिळालेल्या ग्रॅच्युइटीतून बहिणीची रक्कम पैसा न पैसा भरून दिली, पण तोवर ओटा दुसऱ्याच्या नावावर होता. बावन्नाव्या वर्षी, बीएस्सी झालेला हा माणूस सातपाटीच्या एका बोटीवर भांडारी, म्हणजे खलाशांना रांधून घालणारा, म्हणून गेला. निरोपसमारंभ झाला नाही. त्याचं टेबल आता एका मुलीला दिलं आहे. ती माझी प्रत्येक चाचणी नीट तपासते आणि मगच सही करते.

वर्षभर मी त्या रस्त्याने जाणं टाळलं. मासे बाजाराच्या आतून, ओट्यावरून घ्यायचो. मागच्या महिन्यात बाहेर गर्दी दिसली. रस्ता मोकळा करणारी गाडी येऊन गेली होती. बाय गटाराच्या कडेला उभी होती. तिची वजनकाट्याची पेटी गाडीत गेली होती. पाटी तेवढी वाचली होती. तिने मला ओळखलं.

"भाऊ, या ना. बोंबील ताजे हायत."

नाही म्हणता येईना. काटा नसल्यामुळे तिने हातानेच अंदाज घेऊन बोंबील पिशवीत घातले. दोन मुठी, मग आणखी एक. मी पाकीट काढलं.

"नको नको. तुमच्याकडून पैशे घ्यायचे नाय, त्यानं सांगून ठेवलंय."

"असं कसं?"

"तो बोलतो, सगली कंपनी हसली, एकटे भाऊ हसले नाय. त्यांना बोलावंसं वाटलं असंल, पन माझं मन मोडंल म्हनून बोलले नाय."

मी नोट तशीच पुढे धरून उभा राहिलो. तिने पिशवी माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि पाटीवर पाणी शिंपडायला वाकली. मी नोट पाकिटात परत ठेवली. खरं काय ते तिला तिथेच सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि मला निघायला निमित्त मिळालं.

रात्री बायकोने ते बोंबील तळले. मी जेवलो.