काय बोलना?

कापड विणायच्या लूमच्या तेलाचा वास आला की मला नवागामची आमची खोली आठवते आणि मेलेली माणसं उठून चालणारी ती मालिका. एका फौजदाराला खुनी शोधायचा असायचा, आणि खून झालेलेच त्याच्या मागे लागायचे. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती प्रेतं फार आवडायची. "हाई बरं शे, काही बोलतस नही," म्हणायचे. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. कारखान्यात सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखतात, तसं ते घरीही निभावून न्यायचे. पण या मालिकेतले ओठ परदेशी आणि बोलणं हिंदी, काही जुळेच ना. म्हणून मी मोबाइलशेजारी बसून एकेक वाक्य ओठांनी सांगायची. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही शेवटचा भाग लावला. खुनी निघाला फौजदाराचाच भाऊ, आणि तो रडत रडत कबुली द्यायला लागला. "काय बोलना?" तो काय म्हणाला, असं अप्पांनी विचारलं. मला एकदा तरी स्वतः ऐकायचं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तशी मी ओरडले, "काही नाही!" ते पडद्याकडे बघत राहिले. "इतला रडस, आन काहीच नही बोलना?" मी भाग मागे घेतला, त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, पहिल्यापासून सांगायला लागले. अप्पांनी डोळे मिटून घेतले. मी कानाशी ओरडले, खांदे हलवले, पाया पडले. त्यांनी डोळे घट्ट मिटूनच धरले, भाग संपेपर्यंत उघडले नाहीत. आजही टीव्ही लागला की माझे ओठ आपोआप हलतात. शेजारी बसलेले अप्पा पडद्याकडे बघतात, माझ्या ओठांकडे बघत नाहीत.