कपाटाची किल्ली

“मी स्वतः मागायला आले तरी देऊ नकोस हं,” असं म्हणत तिने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. मुठीत तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली होती.

२००४ साल. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. ती नागपूरची, चाळिशीची. मी तिला ताई म्हणायचे. तिचा नवरा प्रोजेक्टसाठी आठवडाभर बाहेरगावी. शुगर बॉर्डरवर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ताई हादरली. तिच्या आईची दृष्टी याच आजाराने गेली होती. तिने लाडू, फरसाण, बिस्किटं कपाटात घालून कुलूप लावलं.

“फेकून दे ना सगळं,” मी म्हटलं.

“फेकलं की मी दुकानात जाते. घरात असून खायचं नाही, ते खरं.”

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ताई. केस मोकळे, डोळे चमकदार.

“किल्ली दे ना यार!”

ताई कधी ‘यार’ म्हणत नसे. आवाजही कोवळा, लाडिक. मी नाही म्हटलं तशी मान हलवून गेली.

संध्याकाळी लॉन्ड्री रूममध्ये मी तो विषय काढून हसले. ताईने टॉवेलची घडी पूर्ण केली.

“परत आली तर दार उघडू नकोस तिला,” ती म्हणाली.

त्यानंतर ‘ती’ रोज दुपारी यायची. दाराबाहेर कार्पेटवर बसून गुणगुणायची, कॉलेजातल्या गमती सांगून स्वतःच खदखदून हसायची. मी आत कडीवर हात ठेवून उभी. तुम्ही वेड्यात काढाल, पण मी तिची वाट पाहू लागले होते.

दीड महिन्याने ती यायची थांबली. ताई बारीक झाली होती, नवरा खूश होता. एकदा किल्ली मागून घेऊन तिने माझ्यासमोर कपाट उघडलं. लाडवांवर करडी बुरशी चढली होती.

“ती कुठे गेली गं?” मी विचारलं.

ताईने कपाटाचं दार लावलं. “मी तिला ओ देणं बंद केलं.”

पुढच्या वर्षी ते दोघं टेक्सासमधल्या फ्रिस्कोला राहायला निघाले. निरोपाला मी श्रीखंड-पुरी केली. ताईने फॉर्म भरावा तसं एकेक घास करत ताट संपवलं.

“आवडलं?”

“वेलची आहे ना यात?” ती म्हणाली.

लिफ्टपाशी मी तिचा हात धरला. “ताई, बरी आहेस ना?”

“रिपोर्ट नॉर्मल आलेत,” ती म्हणाली आणि दार बंद झालं.