तपासले, मुदत वाढवली

शशिकांत भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिज उघडत. चपला काढून होतात न होतात, कुणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येतं न येतं, तोवर हे स्वयंपाकघरात वाकून डबे-बाटल्यांवरच्या तारखा वाचत असायचे. मुदत उलटलेलं काही सापडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरे, तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं लॅबमध्ये होते. तिथे एक रीत असते. पडून राहिलेल्या पिंपाची मुदत संपली की ते लगेच फेकत नाहीत. नमुना काढून पुन्हा तपासतात आणि माल ठीक निघाला तर नवं लेबल लावतात. कंपनीत ते बरोबरच असेल. या गृहस्थांनी ती रीत घरात आणली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, यांनी कोऱ्या लेबलांचं भेंडोळं आणलं. ताईच्या फ्रिजमधल्या सॉसवर, जामवर, चीजच्या पुडक्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं असे: "तपासले. मुदत वाढवली." खाली सही. जामच्या बाटलीवर सही करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

माझं पेणला रामवाडीत औषधांचं दुकान आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी फळ्या झाडते आणि मुदत संपत आलेलं सगळं खोक्यात भरून परत धाडते. तेव्हा आमचं जमणं शक्यच नव्हतं. ते मला 'फेकाफेक' म्हणत. मी त्यांना काय म्हणे, ते ताईला माहीत आहे.

"सुमे, तारीख मशीन छापतो गो. मशीनला नाक हाय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वडील मिठागरात राबलेले, त्यामुळे दुसरं वाक्य मिठावरचं: "आता मिठाच्या पिशवीवर पन तारीख! माझ्या बापानं जन्मभर मीठ ओढलं, त्याला कधी कुनी सांगितलं नाय का दर्याची मुदत संपली."

चीज म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. "चीज म्हंजे काय? नासलेलं दूधच ना? नासलेलं आनखी किती नासनार?" घट्ट चीजच्या वडीला बुरशी आली की ते बोटभर जाड भाग कापून टाकत, उरलेलं हुंगत, डोळे मिटून चाखत आणि मग टोस्टवर घालून सगळ्यांना वाढत. घट्ट चीजपुरतं त्यांचं फारसं चुकत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण ते त्यांच्या तोंडावर कबूल करण्यापेक्षा मी ती बुरशी खाल्ली असती.

एकदा कोलाडला हॉटेलात आम्ही जेवायला बसलो. पनीर आलं, यांनी वास घेतला आणि ताट सरकवलं. मालक म्हणाला, आजच आणलंय. "आज आनलंस रे, पन कधीचं आनलंस?" मी घास घेतला, तर खरंच आंबट. नाक होतं, हे मान्य. पण नाक म्हणजे डोकं नव्हे.

ते कळलं माझी भाची मुग्धा सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा. तिच्या नवऱ्याने परदेशाहून येताना मऊ चीजची गोल डबी आणली होती. ती फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिली आणि तारीख उलटून बारा दिवस झाले. मुग्धाला डोहाळे नेमके त्याचेच. डोहाळजेवणाची तयारी करायला म्हणून मी त्या रविवारी रोह्याला गेले होते. पाहते तो भाऊजी ओट्यापाशी उभे, हातात डबी, नाक डबीत.

"फस्क्लास हाय," असं म्हणत त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. "उद्या सकाळपर्यंत मला काय झालं नाय, का लागलं लेबल. मग खा पोरी पायजे तेवढं."

मी डबी त्यांच्या हातातून ओढली आणि कचऱ्यात उपडी केली.

"अहो, हे घट्ट चीज नव्हे. यात जो जंतू असू शकतो त्याला ना वास, ना चव. तुम्हाला काही होणार नाही. पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतेल!"

"अगो, सातव्या महिन्यात काय बोलतेस हे!" ताई ओरडली.

भाऊजींना नातवंडाचं नाही, नमुन्याचं दुःख. "नमुना फेकलास तू! तीस वर्षांत माझी एक बॅच परत आली नाय."

"इथे बॅच एकच आहे, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मला काय पन झालं नाय!" असा आवाज, जणू निवडणूक जिंकलेत. त्याच दिवशी मुग्धाची तपासणी होती. तिथे त्यांनी मोठ्या तोऱ्यात डॉक्टरीणबाईंना स्वतःच विचारलं. बाई म्हणाल्या, त्रास दिसायला कधीकधी आठवडेही लागतात. आणि तसलं चीज मुदतीत असलं तरी या दिवसांत नको. तुम्ही पचवलंत, यावरून बाळाचं काहीच ठरत नाही.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिजसमोर पाट घेतला आणि एकेक लेबल नखाने खरवडून काढलं. ताईने मला फोनवर सांगितलं, "जेवले पन नायत." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चांगली जिरली, म्हटलं.

मुलगी झाली. सुखरूप. महिन्याभराने मी बाळ बघायला गेले, तर तिच्या वरच्या दुधाच्या डब्यावर ओळखीचं पांढरं लेबल. माझं डोकंच सणकलं. जवळ जाऊन वाचलं: "मी तपासलेले नाही. छापलेली तारीख पाळावी." खाली सही.

मी मोठ्याने हसले. भाऊजींनी मान वर केली नाही. मांडीवरच्या नातीला थोपटत म्हणाले, "हस गो. हिच्यापुढं माझं नाक काय कामाचं नाय."

पुढे दोन वर्षांनी ते गेले. ताईचं स्वयंपाकघर आवरायला मीच गेले आणि अर्ध्या दिवसात सगळं फेकलं. लेबलांचं उरलेलं भेंडोळंसुद्धा. तो दुधाचा डबा तेवढा ताईकडून मागून आणला. दुकानात वरच्या फळीवर असतो, त्यात रबरबँड ठेवते. पहिल्या तारखेला फळ्या झाडताना तो हाताशी येतोच. त्याच्यावरची तारीख उलटून किती दिवस झाले, ते मला तोंडपाठ आहे. मी तो पुसते आणि परत जागेवर ठेवते.