येतो म्हणजे जातो

आमच्या बदलापूरच्या घरात दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूने, एक पांढरी डबी होती. साबणाच्या डबीएवढी, मधोमध काळं भिंग. माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या उल्हासनगरच्या मित्राने मिळून घरगुती कॅमेऱ्यांची जी छोटी कंपनी काढली, तिची ही पहिली डबी आणि शेवटी चालू राहिलेलीही हीच. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. बाकीच्या घरांतल्या डब्या एकेक करून बंद झाल्या होत्या. आमची चालू होती म्हणून कंपनी चालू होती, आणि कंपनी चालू होती म्हणून त्याचे भागीदार रोज सकाळी मोरिवलीच्या रिकाम्या गाळ्याचं शटर वर करून एकटेच बसून राहत होते. हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. "भाभी, घुटने दुखते हैं, फिर भी जाते हैं," ती म्हणाली. "बोलते हैं, भाभी की डिब्बी चालू है, मैं कैसे बंद करूँ."

म्हणजे डबी काढा असं मीच सांगायला हवं होतं, आणि तेच माझ्या तोंडून निघत नव्हतं. का निघत नव्हतं, ते समजायला डबी काय करायची हे आधी सांगायला हवं.

नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात विजेची पॅनेलं बघायचा. भागीदार सिंधी, त्यांचं उल्हासनगरला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. कुठलासा सुटा भाग आणायला गेलेला नवरा दुपारभर त्यांच्या काउंटरवरच बसला आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "त्यांच्याकडे पाण्याबरोबर पापड देतात. अशा माणसाबरोबर धंदा करायला हरकत नाही." धंद्याचा एवढाच अभ्यास करून त्याने नोकरी सोडली. मी तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात होते. घर माझ्या पगारावर चालेल असं मी म्हटलं, आणि ते चाललंही.

कल्पना त्याची होती. बाजारातले सगळे कॅमेरे चोरासाठी होते. तो म्हणायचा, आपल्या इमारतीत चोरण्यासारखं आहे काय? सकाळी लोक कामाला निघून जातात, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यांना चोराची काळजी नसते. आबा खाली गेले ते परत वर आले का, मुलगी शाळेतून आली का, ही काळजी असते. म्हणून त्याची डबी फोनवर दोनच शब्द पाठवायची: आले, किंवा गेले. पण स्वस्तातल्या भिंगाला दारातला माणूस आत येतोय की बाहेर पडतोय हे धड कळेना. मग त्याने तिला कान दिले. दारात माणूस काय बोलतो ते ऐकून ती ठरवायची.

पहिल्या काही डब्या ओळखीच्या घरांत लागल्या. चामटोलीच्या एका घरी भागीदारांनी स्वतः शिडीवर चढून बसवली. तिसऱ्याच दिवशी त्या घरच्या काकूंचा फोन आला. मी शेजारी बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, तुजी डबी सांगते, सकालपासून आमचेकडं मानसं येतानच. जात कोनीच नाय. यवऱ्या मानसांना जेवाला कोन घालील, तू?"

नवरा डबी खोलून बसला. वायरी तपासल्या, माइक बदलला. दोन संध्याकाळी गेल्या. मी पुस्तकातून मान वर करून विचारलं, "तू तिला शिकवलंयस काय?"

"सोपं आहे. 'येतो, येते' ऐकलं की आले. 'जातो, जाते' ऐकलं की गेले."

मी हसायला लागले. त्याला कळेना.

"अरे, तू आयुष्यात कधी घरातून निघताना 'जातो' म्हणालायस?"

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "लहानपणी एकदा म्हणालो होतो. आईने पाठीत धपाटा घातला."

सगळ्यांच्याच आयांनी घातलेला असतो. आमच्यात गेलेला माणूस म्हणजे परत न येणारा, म्हणून निघताना कुणी जात नाही, सगळे येतातच. जन्मभर असं बोलून आलेला हा माणूस टेबलाशी बसून यंत्राला शिकवायला लागला आणि शब्दकोशासारखा सरळ झाला. भागीदारांना फोनवर सांगितलं तर ते कितीतरी वेळ हसत होते. "यार, तुम लोग जाते हो और बोलते हो येतो. मशीन बिचारी क्या करे? उसको लगता है पूरा चामटोली अंदर बैठा है."

त्यानंतरचे काही महिने आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे असावेत. माणसं कशी येतात आणि कशी जातात याच्याच गप्पा. जेवताना, भाजी आणताना, जिन्यात. "येऊ का?" म्हणजे आले. "येतो हं" म्हणजे गेले. "निघू?" असं विचारणारा अजून अर्धा तास तरी बसतो, त्याला काहीच धरू नये. "आलोच" या शब्दाने तर आमचा अंत पाहिला. हाक मारल्यावर येणाराही आलोच म्हणतो आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेलाही आलोच म्हणतो. नवरा म्हणायचा, "या एका शब्दासाठी वेगळी डबी काढावी लागेल." मी ग्रंथालयातून घरी आले की दारातच विचारायचा, "आज काही नवीन ऐकलंस?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा दारात आपली वाट बघत उभा असतो, तेही एखाद्या क्रियापदासाठी, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

सुधारलेली डबी चालली. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या इमारतींमधून एकाचं ऐकून दुसरा बोलवायला लागला. मोरिवलीला कारखान्यांच्या मागच्या बाजूला गाळा घेतला. दोन मुली जोडणीला होत्या. दुपारी भागीदारांच्या घरून डबा यायचा आणि गाळ्यातल्या सोल्डरिंगच्या वासावर तळलेल्या पापडाचा वास चढायचा.

आमच्या दारावरची पहिली डबी मात्र त्याने सुधारली नाही. मी दोनदा आठवण केली. "राहू दे," तो म्हणाला. "पहिलं पोर जरा वेडं असतं." म्हणून रोज सकाळी तो "येतो गं" म्हणून गाळ्याकडे निघायचा आणि माझा फोन वाजायचा: आले. भागीदार घरी आले की निघताना "चलता हूँ भाभी" म्हणायचे. हे वाक्य त्या वेड्या डबीला शिकवलेलंच नव्हतं. ते आले की मी "येते, येते" म्हणत दार उघडायचे, म्हणून यायची नोंद व्हायची, जायची कधीच नाही. "तुमच्या डबीच्या हिशोबाने तुम्ही इथेच राहता," मी त्यांना म्हणायचे. "तो फिर खाना लगाओ," ते म्हणायचे, आणि जेवूनच जायचे.

उतरण कधी लागली ते नेमकं सांगता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे कॅमेरे फोनवरून मागवले की दुसऱ्या दिवशी दारात येऊ लागले, तेही आमच्याहून स्वस्त. इमारतींनी फाटकावर कॅमेरे लावले आणि लोकांना वाटलं, झालं. शिवाय घराघरांतून वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या. कुळगावच्या एका आजींनी डबीवर टॉवेल टाकला. सून ऑफिसात बसून माझ्या मैत्रिणी बघते, म्हणाल्या. नवरा टॉवेल काढायला गेला आणि आजींशी गप्पा मारून, टॉवेल तसाच ठेवून परत आला.

"ऐकू येतंय तिला, तेवढं पुरे," तो मला म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "खरं तर डोळा नसला तरी चालेल."

हे त्याने गाळ्यातही सांगितलं. बिनडोळ्याची डबी करू या. भागीदारांनी हातातलं सगळं खाली ठेवलं. "कैमरा कंपनी में कैमराच नाही? भाई, मिठाईच्या दुकानात फक्त खोका विकणार तू?"

एकदा मुंबईहून पैसे गुंतवणारा एक तरुण गाळा बघायला आला. नवऱ्याने त्याला बाजारपेठ सांगायच्या ऐवजी तासभर 'आलोच' समजावून सांगितलं. त्या मुलाने छान ऐकलं, दोनदा चहा घेतला आणि निघताना म्हणाला, "येतो सर." तो पुन्हा आला नाही. नवरा म्हणायचा, "त्या एका माणसाला जुन्या डबीने बरोबर पकडलं असतं. आले म्हणाली असती. आले, आणि तेवढंच. बाकी काही देऊन गेला नाही." यात विनोद नीट नव्हता, पण तो त्याला खूप आवडायचा.

जोडणीच्या मुली दुसरीकडे लागल्या. नवीन डब्या बंद झाल्या, जुन्यांची डागडुजी उरली. स्क्रू ढिला झाला तरी लोक बोलवायचे आणि तो जायचा. मला वाटतं त्याला त्यातच आनंद होता, दारात उभं राहून माणसांची ये-जा ऐकण्यात. कंपनी संपत होती आणि तो तिच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीकडे पाहावं तसा पाहत होता. ती संपते हे त्याला माहीतच असावं.

मग त्याचं दुखणं आलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. एका दुपारी त्याला दवाखान्यात भरती करायचं ठरलं. खाली रिक्षा उभी होती. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात त्याचा दंड. आम्ही दोघंच होतो, घरात मागे कोणी राहणार नव्हतं. मी कुलूप लावणार तेवढ्यात तो उंबऱ्याबाहेरून वळला आणि रिकाम्या घराकडे बघून म्हणाला, "येतो."

पर्समधला फोन वाजला. त्याने ऐकलं. "आले म्हणते बघ," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याला दम लागला, म्हणून आम्ही जिन्यात थोडे थांबलो.

निघणारा 'येतो' म्हणाला की मागे राहिलेल्याने 'या' म्हणायचं असतं. 'ये' किंवा 'या', पण म्हणायचं असतं. त्या दिवशी मागे कोणी नव्हतंच. उत्तर दिलं ते डबीने, तिला जसं जमलं तसं.

त्यानंतर घराबाहेर पडताना मी रिकाम्या घराला "येते" म्हणू लागले. फोन वाजायचा: आले. दूधवाल्याकडे जाताना, बँकेत जाताना, दर वेळी. कोण आलं हे डबी सांगायची नाही. ते तिला कधीच सांगता येत नव्हतं.

आता कळेल, माझ्या तोंडून ते का निघत नव्हतं. पण तिकडे एक म्हातारा होत चाललेला माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यासाठी शटर वर करत होता. मी फोन केला.

"डबी काढून न्या," मी म्हटलं.

"क्यों भाभी, काही बिघाड झाला?"

"नाही. चांगली आहे."

"मग राहू द्या ना. काय फरक पडतो?"

"तुम्ही गाळ्यात जाणं बंद करा म्हणून सांगतेय."

"उसने बताया आपको," ते म्हणाले. "बायकोला पोटात काही राहत नाही."

रविवारी सकाळी ते आले. सोबत दाल पकवान, अजून गरम. आधी खायला लावलं, मग शिडी मागितली. मी शिडी देईना, स्टूलवर मीच चढते म्हटलं, त्यावरून थोडं भांडण झालं. शेवटी ते खाली स्टूल धरून उभे आणि मी वर, असं ठरलं. "उल्टा घुमाओ, उल्टा," ते खालून सांगत होते. "इतकी वर्षं कंपनीवाल्याची बायको, स्क्रू कुठे फिरतो माहीत नाही."

डबी हातात आल्यावर ते म्हणाले, "सर्व्हर बंद केला की फोनवरचं पण जाईल. आपने बताया था, दवाखान्यात निघाला तो दिवस... फोटो काढून ठेवू त्या ओळीचा?"

मी फोन दिला. त्यांनी चष्मा वर केला आणि बोटाने मागे मागे जाऊ लागले. आले. आले. आले. आले. वर्षभराच्या माझ्या ओळी. सुरुवातीला त्यांना समजलं नाही. भाभी एकटी राहते आणि एवढं कोण येतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग बोट हळू झालं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि आणखी मागे गेले. नवऱ्याची शेवटची ओळ सापडली. माझ्या ओळींसारखीच होती, तोच शब्द.

"राहू द्या," मी म्हटलं. "फोटो नको."

त्यांनी डबी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. चौकटीवर तिच्याएवढा पांढरा चौकोन उरला, बाकी रंग जुना झाला होता. मी पाणी आणि पापड दिला, त्यांच्याकडून शिकलेली गोष्ट आहे ती. पापड खाऊन ते उठले, चपला घातल्या, जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी 'चलता हूँ' ऐकायला तयार होते.

ते वळून म्हणाले, "येतो, भाभी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फोन वाजला नाही.

"या," मी म्हटलं.