एजेनचं पिंप

मार्सेलीन ब्रेतोदोविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला ते जमेलच असं नाही. पण गावात लोक अजून म्हणतात, "एवढ्याशा गाळासाठी बाईने केवढा तमाशा केला," आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमचे मळे सेव्र नदीच्या काठी, नांत शहराच्या खालच्या अंगाला, एकमेकांना लागून. द्राक्ष एकच, मेलों. त्याला स्वतःचा वास फारसा नाही, नुसतं पातळ आणि आंबटसर. वाईनला अंग येतं ते साक्यामुळे. वाईन आंबून झाली की तळाशी यीस्टचा गाळ, म्हणजे साका बसतो, आणि त्याच्यावर ती हिवाळाभर न हलवता निजू द्यायची. मग जिभेवर बारीक चुरचुर येते, भाजलेल्या पावासारखी चव येते आणि खाऱ्या कालवांबरोबर प्यायली तरी ती टिकते. घरात लग्न असेल तर त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं पिंप बाजूला ठेवतात. लग्नाच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

त्या वर्षी मार्सेलीनच्या धाकट्या मुलीचं, एलोदीचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. पिंप भरलं होतं मार्सेलीनच्या नवऱ्याने, एजेनने. नोव्हेंबरात तो गेला. बाई एरवी भांडखोर, पण रोज तळघरात जाऊन पिंपावर तळवा ठेवायची आणि गप्प वर यायची.

फेब्रुवारीत थोरला जावई फाब्रिस मदतीला आला. तो बोर्दोकडचा. तिकडे लाल वाईन वरचेवर साक्यावरून काढून स्वच्छ पिंपात भरतात. बाई बाजाराला गेलेली असताना त्याने एजेनची वाईन उपसून दुसऱ्या पिंपात भरली, आणि जुनं पिंप धुऊन अंगणात पालथं घातलं.

मी शेजारी वेली छाटत होतो. बाई फाटकातच थांबली.

"हे पिंप कुणी धुतलं?"

"मी, आई. केवढा गाळ होता तळाशी. म्हटलं, तुमचा त्रास वाचेल."

"मग जावईबापू, एजेनची कबरही खणून धुऊन ठेवायची. फावडं तिथेच आहे."

त्याची बायको, थोरली साबीन, मध्ये पडली. "आई, चांगल्या मनाने केलं गं त्याने."

"त्या चांगल्या मनाला म्हणावं, मोरीतनं साका परत आण."

चांगल्या मनाने केलं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. चांगलं मन असलं की आधी विचारता येत नाही का?

मी भीतभीत म्हटलं, "माझ्या पिंपातला साका घालू या?"

"अर्माँ, परक्याच्या अंथरुणात निजवू होय एजेनला?"

लग्नाच्या आठवडाभर आधी तिने डझनभर कालवं फोडली, फाब्रिसला टेबलाशी बसवलं आणि त्या वाईनचा पेला पुढे सरकवला. मलाही दिला. कालवाच्या खारेपणापुढे वाईन मागे मागे सरत होती. मी मान खाली घातली.

"छान आहे की, आई. स्वच्छ लागते."

"पाणीही स्वच्छच लागतं. ही पेल्यात येणार नाही, सॉसमध्ये जाईल. आणि सॉस तुम्ही करायचा."

लग्नाच्या दिवशी फाब्रिस चांगल्या शर्टाच्या बाह्या वर सारून अख्ख्या वऱ्हाडासाठी छोटे कांदे चिरत होता, एजेनची वाईन आटवत होता, तीत लोणी फेटत होता. कालवांबरोबर पेल्यांत माझी आणि शेजाऱ्यांची वाईन होती. मार्सेलीनचा पेला पालथा. ते सगळ्यांनी पाहिलं, आणि तमाशा हा शब्द तिथेच निघाला.

मग सॉस घातलेला नदीचा मासा आला. तिने मासा बाजूला सारला. पावाचा तुकडा मोडून सॉस टिपला, खाल्ला, पुन्हा टिपला. ताटली कोरडी झाली तेव्हा सॉसचं भांडंच पुढे ओढलं.

फाब्रिस घामाघूम होऊन दारात उभा होता. "आई, जमलंय का?"

"लोणी जास्त झालंय," ती म्हणाली, आणि पावाचा आणखी एक तुकडा मोडला.