पिठीखाली लिहिलेला मुतखडा

माझ्या सुनेला व्हिडिओ करायचा नाद आहे. रविवारी ती ओट्याजवळ मोबाइल उभा करते आणि मी काहीतरी रांधते. तोंड दिसणार नाही आणि मी बोलणार नाही, या दोन अटी मी आधीच घातल्या होत्या. त्यामुळे व्हिडिओत फक्त माझे हात असतात, त्यात तिने घालायला दिलेल्या हिरव्या बांगड्या.

एकदा कुळथाची पिठी केली. व्हिडिओखाली तिने जे शब्द लावले ते मी सावकाश वाचले. मुतखडा, तीन दिवसांत, ऑपरेशनशिवाय.

"अगं, हे मी कधी म्हटलं?"

"आई, ते टॅग आहेत. लोक काय शोधतात ते टाकायचं. नुसतं पिठी लिहिलं तर कुत्रं बघणार नाही."

"पण खोटं ना ते?"

"सगळेच टाकतात हो. खाली कोण वाचतंय!"

कुळीथ मुतखड्यावर चांगले असं आमच्या गावाला म्हणतातच, अशी मनाची समजूत घातली.

बोरीवलीत मी एका घरी स्वयंपाक करते. तिथल्या साहेबांना मुतखडा होता. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. व्हिडिओनंतर काही दिवसांनी त्या घरच्या ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मावशी, हे बघा ना. अगदी अशीच करा. तीन दिवस देऊन बघू. ऑपरेशन मी पुढे ढकललंय."

माझेच हात पीठ कालवत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कुळथाचं पीठ आहे का एवढंच विचारलं आणि पिठी केली. साहेब म्हणाले, "झकास झालीय."

दुसऱ्या दिवशी गेले तर साहेब पोट धरून पलंगावर वाकडे झाले होते. अंगात ताप होता. ताई म्हणाल्या, "खडा सुटत असेल. आजची पिठी जरा घट्ट करा."

मी गॅस पेटवला आणि परत बंद केला.

"ताई, त्या व्हिडिओतले हात माझे आहेत."

त्यांनी आधी मोबाइल पाहिला, मग माझे हात.

"काय सांगता?"

"मुतखड्याचं सुनेने लिहिलं, लोकांनी बघावं म्हणून. आम्ही पिठी भातावर घेतो, घरात मासे नसले की. साहेबांना डॉक्टरकडे न्या."

"मग काल का नाही बोललात?"

मी साहेबांच्या चपला पलंगाजवळ आणल्या. त्या रिक्षा बघायला खाली धावल्या.

साहेबांना दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं. ऑपरेशन झालं. ते आठवड्याने घरी आले, पेज मागू लागले. ताईंनी मला कामावरून काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "मी तारीख पुढे ढकलली होती हे बिल्डिंगमध्ये कुणाला बोलू नका हं."

साहेबांना दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी मी सुनेला सगळं सांगितलं होतं. ती वरमली, पण लगेच म्हणाली, "तोच एक व्हिडिओ चालला होता हो, आई."

"काढ ते."

तिने माझ्यासमोर एकेक शब्द काढला. मग विचारलं, "आता काय लिहू?"

"भाताबरोबर खायची पिठी."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने तसं लिहिलं. बघणारे कमी झाले.