वाकड्या मानेने, स्वच्छ आवाजात

चुडाव्याच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी महानंदाबाई पहिलीच्या वर्गाकडून बाराखडी म्हणवून घेत होत्या. तो खणखणीत आवाज मला फाटकातच ऐकू आला. मधल्या सुट्टीत त्या स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, "नवी बाई ना तू? चल, माझ्यासंग डबा खा." पुढे त्या निवृत्त होईपर्यंत आम्ही डबा एकत्रच खाल्ला.

बाईंच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे, आणि अशा ग्रंथात गोडच लिहावे असा संकेत आहे. मला तो पूर्ण पाळता येणार नाही.

पन्नाशीच्या अलीकडेच बाईंची मान डावीकडे वळू लागली. आधी नुसते झटके येत. मग मान खांद्याकडे ओढली जाऊन तिथेच अडकू लागली. हनुवटीला बोट लावले की क्षणभर सरळ होई, बोट काढले की पुन्हा फिरे. वेदना तर अखंड. पट्टा झाला, मणक्याची औषधे झाली, गावात करणीची कुजबुजही झाली. मेंदूच्या डॉक्टरांनी 'मानेचा डिस्टोनिया', म्हणजे मेंदूच्या चुकीच्या इशाऱ्यांनी मानेचे स्नायू आपोआप आखडणे, हे नाव सांगेपर्यंत काही वर्षे गेली होती. इंजेक्शनांनी काही महिने आराम पडे. पुढे तोही पडेना.

बाईंनी रजा घेतली नाही. त्यांनी सगळी मुले वर्गाच्या डाव्या बाजूला बसवली. "मान जिकडं जाती तिकडं लेकरं बसलेली बरी. निदान तोंड तरी दिसतंय त्यांचं," असे त्या म्हणाल्या.

पण पालक आले. "लेकरं लय भियायलेत बाईला. वर्ग काढून घ्या," म्हणाले. बाईंना कार्यालयात बसवावे असा अर्ज तयार झाला. त्यावर शिक्षकांच्याही सह्या घेतल्या गेल्या. त्यांत माझीही होती. त्यांच्या भल्यासाठीच करतो आहोत, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाईंचा वर्ग गेला.

काही महिन्यांनी त्यांनी मला बाजूला बोलावले. पुण्याला मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. यजमान हयात नव्हते, आणि भाऊ म्हणाले होते, "डोक्याला भोकं पाडून घेतंय का कुणी? मी न्हाई येणार."

"तू चल," बाई म्हणाल्या. "अर्जावर तुझी सही बघितली मी. तिथंबी एक सही लागतीया."

मी पुण्याला गेले आणि संमतीच्या कागदावर सही केली. अर्जाविषयी बाई त्यानंतर एक शब्दही बोलल्या नाहीत.

केस काढलेल्या डोक्याने त्या आत गेल्या. मेंदूत दोन तारा गेल्या आणि गळ्याखाली, कातडीच्या आत, बॅटरी बसली. शुद्धीवर आल्या तेव्हा मान होती तशीच वाकडी. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की फरक पडायला महिने लागतात. आम्ही पुण्याला खेपा घालत राहिलो. दर खेपेला करंट थोडा वाढे. हळूहळू मान वर आली, दुखणे कमी झाले, आणि जीभ जड झाली. 'क' आणि 'ग' एकमेकांत मिसळू लागले.

डॉक्टर म्हणाले, "करंट वाढवला तर मान अजून सरळ होईल, पण बोलणं आणखी बिघडेल. कमी केला तर बोलणं सुधारेल, मान मात्र पुन्हा ओढेल. दोन्ही साधेल अशी सेटिंग आम्हांला सापडत नाही."

 बाई एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "कमी करा. मला शिकवायचंय."

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मान पुन्हा डावीकडे झुकू लागली. बाई खिडकीला डोके टेकवून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढे एकदाच पाहिले.

मुख्याध्यापकांना भेटून त्यांनी स्वतः वर्ग परत मागितला. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे त्यांनी पहिलीलाच शिकवले. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन फरशीवर आडव्या होत, घंटा झाली की उठत.

हा लेख लिहू का, असे विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "लिही. पण बरी झाले असं लिहू नको."

म्हणून तसे लिहीत नाही. शतायुषी व्हा, असे म्हणताना माझा हात अडखळतो, कारण त्यांचा एकेक दिवस किती जड असतो ते मी जवळून पाहिले आहे. तरीही स्वार्थाने मागते: बाईंना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातल्या निदान काही सकाळी तरी वेदनेशिवाय उजाडोत.